घरमालक गेले, आता भाडं कुणाच्या हातात द्यायचं?

आमच्या मालकीणबाई २०१८ च्या पावसात गेल्या. सगळा आवाट, म्हणजे आमची सगळी वस्ती, त्यांना काकीच म्हणायचा. चिपळुणातल्या त्यांच्या चिऱ्याच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आणि पडवीचा तुकडा, एवढ्यात आम्ही तोवर पंधरा वर्षं काढली होती. लेखी करार नव्हता. दर महिन्याच्या पाच तारखेला मी पैसे घेऊन पुढच्या पडवीत जायचे, काकी चष्मा लावून वहीत रक्कम लिहायच्या आणि सही करायच्या. त्या गेल्या आणि पंधरा दिवसांत तिघांनी माझ्याकडे भाडं मागितलं. थोरल्या मुलाने अंधेरीहून, मुलीने बोरिवलीहून, आणि काकींचं सगळं बघणाऱ्या पुतण्याने दारात उभं राहून. तिघंही चांगल्या ओळखीचे, आणि तिघांनाही आपलंच खरं वाटत होतं.

त्या वर्षभरात वकिलांकडे, तलाठी कार्यालयात आणि पोस्टात खेपा घालून जे शिकले ते इथे लिहिते आहे. प्रकरण पेटलं तर वकील लागतोच. पण त्याच्याकडे जाईपर्यंत काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, हे कळलं तर निम्मी भीती जाते.

मालक गेले म्हणून भाडेकरूपण जात नाही

वीस-पंचवीस वर्षं राहिलेल्या माणसाला पहिली भीती हीच असते की आता वारस येऊन सामान बाहेर काढतील. तसं होत नाही. मालकाच्या जागी त्याचे वारस येतात आणि मालकाने ज्या अटींवर घर दिलं त्याच अटींवर ते तुमचे मालक होतात. भाडं तेच, जागा तीच, परसातली विहीर वापरत असाल तर तीही तशीच. बदल करायचा तर कायद्याच्या वाटेने किंवा तुमच्या संमतीने.

उलट बाजूही तेवढीच पक्की लक्षात ठेवा. कोकणात अजून सर्रास बोललं जातं की बारा वर्षं राहिलं की घर आपलं. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, त्यामुळे तो कितीही वर्षं राहिला तरी मालक होत नाही. मालक वारल्यावर गप्प बसून भाडं बंद करणारे मी पाहिले आहेत, "कोण येतंय मुंबईहून विचारायला" म्हणून. असं करणाऱ्याने स्वतःला थकबाकीदार करून घेतलेलं असतं, आणि थकबाकी हे घर खाली करून घेण्याचं सगळ्यात सोपं कारण आहे.

आधी ठरवा, तुम्ही कोणत्या प्रकारात बसता

"मी भाड्याने राहतो" या एका वाक्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा.

शहरातले जुने महिनेवारी भाडेकरू बहुधा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली येतात. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे, पण सगळीकडे नाही. त्याच्या अनुसूचीत ज्या भागांची नावं आहेत तिथेच तो चालतो. तुमचं शहर त्यात आहे का, आणि तुमची आळी शहराच्या हद्दीत येते की शेजारच्या ग्रामपंचायतीत, हे वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा. नदी ओलांडली की उत्तर बदललं असं होऊ शकतं. जिथे हा कायदा नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्यात महिनेवारी भाडेकरूचा भाडेपट्टा, वेगळा करार नसेल तर, पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. तरीही हाताला धरून बाहेर काढता येत नाही, त्यासाठी कोर्टाचा हुकूम लागतो.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर तुम्ही कायद्याने भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. करारनाम्याचा पहिलाच परिच्छेद वाचा. "लिहून देणार" या शब्दानंतर कंसात "यात त्यांचे वारस, मुखत्यार व कायदेशीर प्रतिनिधी यांचा समावेश आहे" असं बहुधा असतं. हे वाक्य असेल तर करार मुदतीपर्यंत वारसांवर बंधनकारक आहे असं ठामपणे म्हणता येतं. नसेल तर तुमची बाजू कच्ची, आणि वारसांशी लवकर बोललेलं बरं. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या भागात मुदत संपल्यावर राहायची जागा सोडली नाही तर वारसही थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतात, आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. त्या मुदतीशी खेळू नका.

तिसरा प्रकार खास आपल्याकडचा: घर तुमचं, तुमच्या आजोबांनी बांधलेलं, पण जमीन दुसऱ्याची. किंवा तुम्ही शेतीचं कूळ आहात आणि मालक वारले. कुळाला १९४८ चा कूळ कायदा लागतो, त्यात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, म्हणजे कूळ जमिनीचं खरेदीदार मानलं जाण्याचा दिवस, आणि जमीन मालक विधवा किंवा अज्ञान असेल तर खरेदीचा हक्क पुढे ढकललेला असतो. त्याला मुदती असतात आणि त्या चुकल्या तर नुकसान मोठं होतं. अशा बाबतीत मालकाच्या मृत्यूची बातमी कळताच तहसील कार्यालयात चौकशी करा. इथून पुढचा मजकूर घरभाडेकरूसाठी आहे, कुळाने त्यावर विसंबू नये.

पहिले तेरा दिवस

त्या घरी जा. इतकी वर्षं एका छपराखाली राहिलेलं माणूस गेलेलं असतं. सुतकात भाड्याचा विषय तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर "तेरावं होऊ दे, मग बसून बोलू" एवढंच सांगा.

पण डोळे उघडे ठेवा. मुंबई, पुणे, बडोदा, जिथे जिथे वारस असतील ते सगळे एका अंगणात जमतात ते बाराव्या-तेराव्यालाच. त्यानंतर एकदम गणपतीत किंवा शिमग्यात, आणि तेव्हाही सगळे येतीलच असं नाही. म्हणून निघायच्या आधी प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून घ्या. मी हे केलं नाही. धाकट्या मुलाचा पत्ता मिळवायला मला पुढे चार महिने लागले.

याच दिवसांत घरात बसून आपले कागद काढा. भाड्याच्या पावत्या, वही, बँकेचं पासबुक, महावितरणची बिलं, तुमच्या पत्त्याचं रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र, अनामत दिल्याची चिठ्ठी. ग्रामपंचायत हद्दीत घर असेल तर घरपट्टीचा नमुना ८ बघा. त्यात मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराचा रकाना असतो. तिथे तुमचं नाव असेल तर तुम्ही मालक ठरत नाही, पण राहत होतात याचा तो चांगला पुरावा आहे.

प्रत्येक कागदाचा फोटो काढून घराबाहेर कुणाकडे तरी पाठवून ठेवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या पडवीवरून आत आलं तेव्हा काकींची ती वही लाकडी पेटीत होती. दोन दिवसांनी पेटी उघडली तर शाईचा निळा चिखल. वाचली ती तीन वर्षांपूर्वी वकिलांनी सांगितलं म्हणून काढलेली आणि बहिणीला साताऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेली एकशे एकोणचाळीस पानं.

वारस कोण, हे तुम्ही ठरवायचं नाही. पण माहीत हवं

हिंदू मालकीणबाई मृत्युपत्र न करता गेल्या असतील तर मुलगे आणि मुली, आणि पती हयात असेल तर तोही, सारख्या हक्काने वारस. पुरुष मालक असेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई. लग्न झालेली मुलगीही तितकीच वारस. "बहिणींचं काही नसतं" असं थोरला भाऊ म्हणाला तरी तुम्ही त्यावर जाऊ नका. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांत वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत.

कागदावर बघायचं तर घर कुठे आहे त्यावर जायचं ठिकाण ठरतं. सिटी सर्व्हे झालेल्या भागात भूमी अभिलेख खात्याची मिळकत पत्रिका, गावात नमुना ८, आणि घराखालच्या जमिनीचा सातबारा. कोकणातल्या सातबाऱ्यावर दोन गोष्टी हमखास भेटतात. एकतर आजोबा-पणजोबांची नावं अजून तशीच, किंवा एका नावापुढे "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हे नाव एकाचं दिसतं, त्यामागे दहा-पंधरा हिस्सेदार उभे असतात. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं चढवण्यासाठी २०२५ मध्ये शासनाने जिवंत सातबारा मोहीम काढली, तेव्हापासून काही गावांत नोंदी मार्गी लागल्या आहेत.

वारस नोंदीसाठी वारसांनी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तीन महिन्यांत कळवायचं असतं. मग फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. फेरफाराची नोटीस "आपली चावडी" या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते, तेव्हा महिन्यातून एकदा आपल्या गावाचं पान उघडून बघत जा. फेरफार म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. तरी भाडेकरूच्या दृष्टीने ती सहीशिक्क्यानिशी मिळालेली वारसांची यादी असते, आणि तुम्हाला पत्र कुणाकुणाला पाठवायचं ते कळतं.

भाडं: थांबवायचं नाही, आणि कुणाच्याही हातात ठेवायचं नाही

सगळ्या लेखात हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची.

मयत मालकाच्या खात्यात पैसे टाकत राहू नका. बँकेला कळलं की खातं थांबतं आणि तुमचे पैसे अडकतात. इतकी वर्षं मुखत्यारपत्रावर भाडं गोळा करणारा पुतण्या, शेजारी किंवा केअरटेकर असेल तर लक्षात घ्या, मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की ते साधं मुखत्यारपत्रही तिथेच संपतं. हे मला माहीत नव्हतं. मी पुतण्याला दोन महिन्यांचं भाडं दिलं, पावतीही घेतली, आणि नंतर मुलीने ते मानायला नकार दिला. अखेर तिच्या थोरल्या भावानेच मध्यस्थी केली म्हणून निभावलं.

मग करायचं काय? सगळ्या ज्ञात वारसांना एकच पत्र पाठवा. आमच्या वकिलांनी सांगितलेला मजकूर साधारण असा होता:

"आपल्या मातोश्री यांचे दि. … रोजी निधन झाले. मी त्यांच्या मालकीच्या घर क्र. … मधील मागील दोन खोल्या व पडवी यांत सन २००३ पासून दरमहा रु. … भाड्याने राहत आहे. … महिन्यापर्यंतचे भाडे मी त्यांना दिलेले आहे. पुढील भाडे देण्यास मी तयार व इच्छुक आहे. ते आपणा सर्वांच्या वतीने कोणी स्वीकारावे हे सर्व वारसांनी आपल्या सहीने लेखी कळवावे. तोपर्यंत दरमहाचे भाडे मी वेगळे ठेवत आहे. माझी अनामत रक्कम रु. … आपल्या मातोश्रींकडे जमा आहे."

यातले "तयार व इच्छुक" हे शब्द काढू नका. भाडे नियंत्रण कायद्यात भाडं देणारा किंवा द्यायला तयार असलेला भाडेकरू संरक्षित आहे, आणि ती तयारी दाखवणारा कागद म्हणजे हे पत्र. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. व्हॉट्सॲपवरही टाका, पण फक्त व्हॉट्सॲपवर नको.

उत्तर येईपर्यंत भाडं वेगळ्या बचत खात्यात, ठरलेल्या तारखेला, दर महिन्याला. त्या खात्यातून दुसरा एक रुपयाही काढू नका. सगळ्यांनी मिळून एकाचं नाव दिलं की त्याच्या खात्यावर धनादेशाने किंवा ऑनलाइन पाठवा आणि पावती मागा. पावती देणं ही मालकाची जबाबदारी आहे, उपकार नाही. ज्याने घ्यायचं तो पैसे घेतच नसेल तर मनीऑर्डर करा. "घेण्यास नकार" असा पोस्टमनचा शेरा असलेला परत आलेला फॉर्म कोर्टात फार कामाला येतो.

वारस आपसांत भांडत असतील आणि दोघंही "मलाच दे" म्हणत असतील, तर दिवाणी प्रक्रिया संहितेत एक वाट आहे. तिला इंटरप्लीडर दावा म्हणतात. तुम्ही कोर्टाला सांगता, पैसे माझे नाहीत, द्यायचे आहेत, यातला हक्कदार कोण ते ठरवा, आणि रक्कम कोर्टात भरता. एरवी भाडेकरूला आपल्या मालकाला असं कोर्टात उभं करता येत नाही. पण दावा करणारे सगळे त्याच मालकाच्या नात्याने हक्क सांगत असतील तर करता येतो. खर्च होतो, म्हणून भाडं अगदी किरकोळ असेल तर वेगळ्या खात्याची वाटच बरी. मोठ्या गाळ्याचं भाडं असेल तर मात्र विचार करा.

आणि थकबाकीची नोटीस आलीच तर घाबरून बसू नका. भाडे नियंत्रण कायद्यात नोटिशीपासून नव्वद दिवस जाईपर्यंत त्या कारणावर दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, आणि पुढे निकालापर्यंत भरत राहिलं, तर त्या कारणावर घर जात नाही. वेगळ्या खात्यात ठेवलेले पैसे इथे उपयोगी पडतात.

नवा कागद समोर आला तर

तेराव्यानंतर पंधरा-वीस दिवसांत एखादा वारस प्रेमाने सांगतो, "वहिनी, फक्त फॉर्मॅलिटी आहे, अकरा महिन्यांचा कागद करून टाकू." हा कागद सही करून दिला की तुमचं वीस वर्षांचं भाडेकरूपण जाऊन तुम्ही अकरा महिन्यांचे परवानाधारक होऊ शकता. सांगणाऱ्याच्या मनात खोट असेलच असं नाही, त्याला त्याच्या वकिलाने सांगितलेलं असतं. "वाचून दोन दिवसांत सांगते" म्हणा आणि मसुदा आपल्या वकिलाला दाखवा. भाडं थोडं वाढवून मागत असतील तर त्यावर बोलायला हरकत नाही. कायद्यातही दरसाल ४ टक्के वाढ मालकाला दिलेली आहे. पण वाढीचा कागद आणि लायसन्सचा कागद हे दोन वेगळे कागद आहेत.

स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागला जिल्हा प्राधिकरणं आहेत, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते.

"आम्हाला घर हवंय" असं वारस म्हणाले तर

हे खोटंच असतं असं धरून चालू नका. मुंबईत आयुष्य काढलेला मुलगा निवृत्त होऊन गावी येतो आणि त्याला स्वतःच्याच घरात खोली नसते, ही अडचण खरी असते. कायद्याने मालकाची प्रामाणिक गरज हे कारण आहे, आणि सगळ्या वारसांपैकी एकही हिस्सेदार असा दावा लावू शकतो. पण कोर्ट दोन्हीकडची अडचण तोलतं: घर नाही मिळालं तर त्यांचं किती अडेल आणि गेलं तर तुमचं किती. म्हणून तुमच्याकडे दुसरं घर नाही, मुलांची शाळा इथे आहे, धंदा इथे आहे, याचे कागद जपा.

दोन चुका टाळा. सहा महिने सलग कुलूप लावून मुलाकडे मुंबईला जाऊ नका, विनाकारण सहा महिने न वापरणं हेही घर जाण्याचं कारण आहे. आणि दुसऱ्याला पोटभाड्याने देऊ नका. उलट, वीज-पाणी तोडून तुम्हाला घालवायचा प्रयत्न झाला तर लगेच कोर्टात जाता येतं.

पावसाळ्याआधी कौलं परतायची असतात आणि वारसांपैकी कुणी फोन उचलत नाही, हा प्रकार फार होतो. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या, गवंड्याचं बिल घ्या, आणि खर्च भाड्यातून वळता करा. भाडे नियंत्रण कायद्यात ही वळती वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच चालते. पडवी पक्की करणं, नवी भिंत घालणं असलं काही मात्र संमतीशिवाय करू नका.

घर विकायला निघालं तर

विकत घेणारा आला तरी तुमचं भाडेकरूपण घरासोबत जातं. विक्रीची खबर मिळण्याआधी जुन्या मालकांना प्रामाणिकपणे दिलेलं भाडं नव्याला पुन्हा द्यावं लागत नाही.

तुम्हालाच घ्यायचं असेल तर आनंदाची गोष्ट आहे, पण एका भावाचा हिस्सा घेऊन थांबू नका. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्याने हिस्सा घेतला तरी त्याला घरातला संयुक्त ताबा मागता येत नाही, आणि बाकीचे हिस्सेदार कोर्टामार्फत तो हिस्सा परत विकत घेऊ शकतात. सगळ्या वारसांच्या सह्या, बहिणींच्या आणि अज्ञान मुलांच्या पालकांच्याही. अज्ञान वारस असेल तर कोर्टाची परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या. हक्कसोड झाली, म्हणजे कुणी आपला हिस्सा सोडून दिला, म्हणत असतील तर नोंदणीकृत पत्र बघा, आणि दुय्यम निबंधकाकडे निदान तीस वर्षांच्या दस्तांच्या नोंदींचा शोध घ्या.

सोडून जायचं ठरवलं तर

आम्ही २०२२ मध्ये स्वतःच्या जागेत गेलो. अनामत रक्कम घराबरोबर वारसांवर येते, वारसा म्हणून त्यांना जे मिळालं त्या मर्यादेत, म्हणून ती सगळ्यांकडे मागायची. आधी एक महिन्याचं पत्र दिलं. शेवटच्या दिवशी रिकाम्या खोल्यांचे, नळाचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढले. महावितरणचं शेवटचं बिल भरलं. मग काकींच्या त्याच पडवीत थोरला मुलगा बसला होता, मुलगी व्हिडिओ कॉलवर, धाकट्याचं संमतीपत्र टेबलावर. एका कोऱ्या कागदावर "दोन खोल्या व पडवीचा ताबा मिळाला, अनामत परत दिली, उभयतांची एकमेकांकडे काही येणे-देणे नाही" असं लिहिलं, दोन साक्षीदार घेतले, आणि सह्या झाल्यावरच किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या.